थिन क्लायंट दुपारी अडकतो, रिस्टार्टने सुटतो आणि दोन दिवसांनी पुन्हा अडकतो: जागा आणि लॉग तपासण्याचा क्रम

एका पतसंस्थेच्या शाखा आणि एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, मिळून ४० थिन क्लायंट (मुख्य काम दूरच्या सर्व्हरवर चालवणारे छोटे संगणक) मी सांभाळतो. सगळ्यांवर विंडोज १० आयओटी एंटरप्राइज आहे, स्टोरेज ३२ जीबीचं, रॅम ४ जीबी. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त फोन मला एकाच बिघाडासाठी आले आहेत: ‘जागा संपली’ म्हणतो, हँग होतो, बंद-चालू केला की चालतो. हा बिघाड इतक्यांदा सोडवला की तपासण्याचा एक क्रम हाताला बसला. नव्याने काम घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून तो इथे लिहितो. लिनक्सवरच्या थिन क्लायंटचा मामला वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

लक्षणं

सकाळी मशीन झकास चालतं. दुपारनंतर विंडो उघडायला वेळ लागतो, रिमोट सेशन मध्येच गोठतं, कोपऱ्यात जागा किंवा मेमरी कमी असल्याचा संदेश येतो. रिस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत होतं आणि दोन-तीन दिवसांनी तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

याच्या जोडीला आणखी काही खुणा दिसतात. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारं साधन) उघडलं तर आजच्या सकाळपासूनच्या नोंदी दिसतात, आणि त्यांच्या मागे थेट मशीन बसवलं त्या महिन्यातल्या. मधलं सगळं कोरं. अँटिव्हायरस रोज सकाळी तेच अपडेट नव्याने उतरवून घेतो. साफसफाईचं शेड्यूल केलेलं टास्क रोज रात्री ‘यशस्वी’ दाखवतं, तरी सकाळी त्याच फाइली जागेवर हजर असतात. कधीमधी लॉगिन केल्यावर तात्पुरतं प्रोफाइल मिळतं, किंवा डोमेनशी (संस्थेची सगळी मशीन आणि लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की मूळ बहुतेक एकाच ठिकाणी असतं: राइट फिल्टर. थिन क्लायंटवर हा फिल्टर लावलेला असतो, जेणेकरून वापरणाऱ्याने काहीही केलं तरी रिस्टार्टनंतर मशीन मूळ स्थितीत यावं. डिस्क म्हणजे लिहिलेली पाटी आणि फिल्टर म्हणजे तिच्यावर ठेवलेली काच, असं समजा. दिवसभर जे लिहिलं जातं ते काचेवर. रिस्टार्ट झालं की काच पुसली जाते, पाटी जशीच्या तशी राहते. ही काच म्हणजे ओव्हरले, आणि बहुतेक मशीनमध्ये ती रॅममध्ये असते.

आता पाटीवरचं एखादं अक्षर खोडायचं म्हटलं, तर काचेवर त्या जागी रेघ ओढावी लागते. म्हणजे खोडायलासुद्धा काचेवरचीच जागा लागते. फिल्टर चालू असताना फाइली पुसल्या तर ओव्हरलेमधली व्यापलेली जागा परत मिळत नाही; ती रिस्टार्टनेच मिळते. त्यामुळे जागा संपते म्हणून घाबरून भराभर फाइली पुसणं हा या मशीनवर उपाय नाही. मी सुरुवातीला हेच करत होतो, आणि महिनाभर त्याच शाखेत त्याच मशीनसाठी जात होतो.

रिस्टार्टला हात लावण्याआधी

शाखेतून फोन आला की समोरच्याने रिस्टार्ट आधीच मारलेलं असतं. त्यांचं चुकत नाही, काउंटरवर रांग असते. पण त्या रिस्टार्टबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून मी प्रत्येक शाखेत मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: अडकलं तर आधी पडद्याचा मोबाइलने फोटो, मग घड्याळातली वेळ लिहा, मग रिस्टार्ट. या दोन गोष्टींनी माझा निम्मा शोध वाचतो. खर्च शून्य.

मशीन अजून हलत असेल आणि ॲडमिनचं लॉगिन हाताशी असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ आणि ‘ॲप्लिकेशन’ हे दोन लॉग उघडून ‘सगळ्या नोंदी जतन करा’ या पर्यायाने नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवा. मशीनच्याच डेस्कटॉपवर ठेवलं तर तेही काचेवरच लिहिलं जाईल. पेन ड्राइव्ह वापरायचा असेल तर आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी यूएसबी पोर्ट धोरणाने बंद असतात, आणि ते आपल्या सोयीसाठी उघडणं योग्य नाही.

पहिली तपासणी: रिस्टार्टनंतर जागा परत येते का?

सी ड्राइव्हची मोकळी जागा रिस्टार्टच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. याच एका आकड्यावरून पुढची वाट ठरते.

रिस्टार्टनंतर मशीन ठणठणीत झालं आणि डिस्कवर पुरेशी जागा दिसली, तर ओव्हरले भरत होता. प्रश्न ‘कोण लिहितंय’ हा आहे, डिस्क पुसण्याचं काम नाही. उलट रिस्टार्टनंतरही डिस्क लाल पट्टीतच असेल, तर खरी डिस्क भरलेली आहे आणि ती फिल्टर उघडूनच साफ करावी लागेल. दोन्ही एकदम असूही शकतं, पण आधी ओव्हरलेकडे बघा. तो तपासायला पाच मिनिटं लागतात, डिस्कच्या साफसफाईला निदान तासभर जातो.

दुसरी तपासणी: घड्याळ

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. लॉगचा अर्थ वेळेवर उभा असतो. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२, संपला की वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ जुन्या तारखेला जाऊन बसतं. मग सर्व्हरवरच्या नोंदी आणि मशीनवरच्या नोंदी जुळत नाहीत. वर डोमेनमध्ये केरबेरॉसची (लॉगिन पडताळणाऱ्या पद्धतीची) घड्याळातल्या फरकाची ठरलेली मर्यादा ५ मिनिटांची आहे. घड्याळ त्याहून जास्त चुकलं की लॉगिन आणि लॉग पाठवणं दोन्ही अडतं. सेल किरकोळ पैशांत मिळतो. मात्र काही थिन क्लायंटमध्ये तो तारेने जोडलेला असतो, म्हणून झाकण उघडून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका.

टाइमझोनही बघा. लॉगची फाइल आतून जागतिक वेळेने नोंद ठेवते आणि उघडताना त्या त्या मशीनच्या टाइमझोनप्रमाणे दाखवते. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर सकाळी साडेअकराची घटना तिथे सकाळी सहाची दिसेल. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न आल्याने एकदा मी चुकीच्या शिफ्टच्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारत बसलो होतो. तेव्हापासून कोणत्याही लॉगची पहिली ओळ वाचताना आधी टाइमझोन बघतो.

वेळ कुठून घ्यायची याचाही नियम आहे. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांना एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. डोमेन असेल तर हे काम डोमेन सर्व्हरवर एकदाच करायचं, बाकी मशीन आपोआप त्याच्या मागे चालतात.

तिसरी तपासणी: फिल्टर खरंच कोणत्या स्थितीत आहे?

काही कंपन्यांच्या थिन क्लायंटवर घड्याळाशेजारी रंगीत कुलूप दिसतं. त्यावर अवलंबून राहू नका. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि फिल्टरच्याच कमांडला विचारा. कमांडचं नाव म्हणजे युनिफाइड राइट फिल्टरची आद्याक्षरं, यू-डब्ल्यू-एफ, आणि त्याला जोडून एम-जी-आर. तिच्यापुढे ‘गेट-कॉन्फिग’ दिलं की दोन भाग दिसतात: चालू सेशनची मांडणी आणि पुढच्या सेशनची मांडणी.

ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फिल्टरमधले बहुतेक बदल पुढच्या रिस्टार्टलाच लागू होतात. आपण एखादा फोल्डर फिल्टरमधून वगळला (म्हणजे त्यातलं थेट डिस्कवर लिहू दिलं) आणि रिस्टार्ट न करता तपासत बसलो, तर ‘सेटिंग चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उलटही घडतं. कोणीतरी दुरुस्तीसाठी फिल्टर बंद केलेला असतो आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलेलं असतं. अशा मशीनवर महिनोन्‌महिने सगळं थेट डिस्कवर लिहिलं जातं, आणि ३२ जीबी भरायला वेळ लागत नाही. रिस्टार्टनंतरही डिस्क भरलेली दिसणाऱ्या मशीनमध्ये मला हेच कारण सगळ्यात जास्त वेळा सापडलं आहे.

चौथी तपासणी: ओव्हरलेचा आकार आणि इशारे

त्याच कमांडला ‘ओव्हरले गेट-कन्झम्प्शन’ विचारलं की किती एमबी वापरले गेले ते कळतं, ‘ओव्हरले गेट-अव्हेलेबलस्पेस’ने उरलेले किती ते कळतं. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला आकडे घ्या. सरळ चढत जाणारी रेघ असेल तर एखादा प्रोग्रॅम सतत लिहितोय. एकदम उडी दिसली तर अपडेट उतरलं, किंवा कोणीतरी मोठी फाइल उघडली.

मूळ सेटिंगमध्ये ओव्हरले १०२४ एमबीचा असतो, पहिला इशारा ५१२ एमबीला आणि गंभीर इशारा १०२४ एमबीला. म्हणजे गंभीर इशारा येतो तेव्हा काच पूर्ण भरलेली असते. काम जतन करायलाही सवड राहत नाही. मी गंभीर इशारा ८५० एमबीच्या आसपास आणतो. हे इशारे सिस्टिम लॉगमध्ये फिल्टरच्या नावाने नोंदले जातात, त्यामुळे लॉग सर्व्हरवर जात असतील तर शाखेचा फोन येण्याआधीच आपल्याला कळतं.

‘ओव्हरलेच वाढवून टाकू’ हा मोह प्रत्येकाला होतो. ४ जीबी रॅमच्या मशीनवर तो आवरा. फिल्टर पहिल्यांदा चालू होताना विंडोजची पेजिंग फाइल बंद करतो, म्हणजे रॅम कमी पडली तर मागे आधार नसतो. ओव्हरले २ जीबी केला तर जागेचा संदेश उशिरा येईल, पण त्याआधीच मेमरीचा येईल. ८ जीबीच्या मशीनवर जरूर वाढवा. आकार बदलण्यासाठी फिल्टर आधी बंद करून रिस्टार्ट करावं लागतं. चालू असताना हा बदल होत नाही.

पाचवी तपासणी: लिहितंय कोण?

इथे घाई करू नका. खरं काम हेच आहे.

रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबवर जा आणि लिहिण्याच्या वेगाच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मला वारंवार सापडलेले गुन्हेगार असे: ब्राउझरची कॅशे, अँटिव्हायरसच्या व्याख्या (व्हायरस ओळखण्याच्या याद्या), विंडोज अपडेटचं डाउनलोड, प्रिंटरचा स्पूल फोल्डर, आणि स्वतःचाच लॉग लिहीत बसलेला एखादा छोटा प्रोग्रॅम.

या शेवटच्याकडे नीट लक्ष द्या. एका शाखेत बायोमेट्रिक यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये कोणीतरी तपासणीसाठी सविस्तर लॉग चालू केले होते, आणि त्याच स्थितीत इमेज (सगळ्या मशीनवर चढवायची विंडोजची तयार प्रत) सील, म्हणजे कायम, झाली होती. बोट टेकवलं की शेकडो ओळी. दुपारपर्यंत त्या एकाच फाइलने अर्धा ओव्हरले खाल्लेला असायचा. लॉगची पातळी ‘डीबग’वरून ‘एरर’वर आणली आणि तिथला त्रास संपला. म्हणून मी प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लॉगची पातळी कुठे ठेवली आहे ते आधी शोधतो. साफसफाईची स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा कचरा निर्माणच होऊ न देणं कितीतरी स्वस्त पडतं.

ब्राउझरची कॅशे मर्यादित करा. अपडेट दिवसा आपोआप उतरू देऊ नका. त्यासाठी फिल्टरचा स्वतःचा सर्व्हिसिंग मोड आहे. तो चालू करून रिस्टार्ट दिलं की मशीन फिल्टर बाजूला ठेवतं, अपडेट बसवतं, फिल्टर परत चालू करतं आणि पुन्हा रिस्टार्ट होतं. मी महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर हे लावतो. अँटिव्हायरसच्या व्याख्यांचा फोल्डर फिल्टरमधून वगळता येतो. नेमका कोणता फोल्डर ते त्या कंपनीच्या सूचनांतूनच घ्या, अंदाजाने ठरवू नका.

सहावी तपासणी: मशीनची ओळख

लॉग सर्व्हरवर येत आहेत, पण ४० ऐवजी १२च मशीन दिसतात? मग एकाच इमेजच्या प्रती काढताना प्रत्येकाला वेगळं नाव दिलं गेलं नसेल. एकाच नावाच्या मशीनच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि कोणती नोंद कुणाची हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. इमेज सिसप्रेप (मूळ मशीनची ओळख काढून टाकणारं विंडोजचं साधन) करूनच वाटायची, आणि नाव ठरवताना शाखेचं लघुरूप व काउंटरचा क्रमांक घालायचा.

दुसरी अडचण डोमेनच्या पासवर्डची. विंडोज मशीन डोमेनशी असलेला आपला स्वतःचा पासवर्ड ठरावीक काळाने, मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी, बदलतं. फिल्टर असलेल्या मशीनने तो बदलला तर नवा पासवर्ड काचेवर लिहिला जातो. रिस्टार्टनंतर मशीनला जुनाच आठवतो, आणि सर्व्हर मात्र पुढे गेलेला असतो. विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येतो तो असा. यावर दोन मार्ग आहेत: डोमेनची गुप्त किल्ली जपणारी नोंद फिल्टरमधून वगळायची, किंवा मशीनने पासवर्ड बदलूच नये असं धोरण लावायचं. पहिला मार्ग सुरक्षेच्या दृष्टीने चांगला, मी तोच वापरतो. हे न करता नुसतं मशीन डोमेनमधून काढून परत जोडलं, तर तीच तक्रार पुन्हा येणार हे धरून चाला.

लॉग मशीनबाहेर कसे न्यायचे

जे मशीन रोज आपली आठवण पुसतं, त्याची आठवण दुसरीकडे साठवली पाहिजे. माझ्याकडे तीन पद्धती वापरून झाल्या आहेत.

विंडोज इव्हेंट फॉरवर्डिंग ही सगळ्यात नेटकी. डोमेन असेल तर हीच निवडा. लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर कलेक्टर सेवा चालू करायची, थिन क्लायंटना ग्रुप पॉलिसीने (डोमेनवरून सगळ्या मशीनला एकदम लागू होणारं सेटिंग) त्याचा पत्ता द्यायचा, आणि ५९८५ हा पोर्ट फायरवॉलमध्ये मोकळा ठेवायचा. सिक्युरिटी लॉग येत नसेल आणि बाकीचे येत असतील, तर ‘नेटवर्क सर्व्हिस’ हे खातं ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ या गटात नाही. नव्वद टक्के वेळा एवढंच निघतं.

दुसरी पद्धत स्क्रिप्टची: ठरावीक वेळाने लॉग निर्यात करून शेअर फोल्डरमध्ये टाकायचे. इथे परवानगीचा घोळ होतो. टास्क ‘सिस्टिम’ खात्याने चालत असेल तर नेटवर्कवर ते वापरणाऱ्याच्या नावाने जात नाही, मशीनच्या नावाने जातं. म्हणून शेअर फोल्डरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला लिहिण्याची परवानगी हवी. हे माहीत नसल्यामुळे स्वतःच्या लॉगिनने स्क्रिप्ट चालते आणि शेड्यूलमध्ये चालत नाही, असा अनुभव येतो. आणि निर्यात फक्त मशीन बंद होताना करू नका. भारनियमनात वीज जाते, यूपीएसची बॅटरी थकलेली असते, आणि ज्या दिवशी लॉग हवा त्याच दिवशी बंद होतानाची स्क्रिप्ट चाललेली नसते. दर तासाला निर्यात ठेवा.

तिसरी पद्धत म्हणजे डिस्कवर छोटं वेगळं पार्टिशन करून, त्याला फिल्टरबाहेर ठेवून, इव्हेंट लॉगचा पत्ता तिकडे वळवणं. डोमेन नसलेल्या प्रयोगशाळेत मी हेच केलं आहे. यात एक अट पाळावी लागते: फिल्टरखालची फाइल फिल्टरबाहेर ‘हलवता’ येत नाही, किंवा नाव बदलून तिकडे नेता येत नाही. स्क्रिप्टमध्ये ‘मूव्ह’ असेल तर ती अडते. आधी ‘कॉपी’ करा, मग मूळ फाइल पुसा.

सर्व्हरवर किती जागा लागेल याचा हिशेब आधी मांडा. सिस्टिम, ॲप्लिकेशन आणि सिक्युरिटी या तीन लॉगची मूळ कमाल मर्यादा प्रत्येकी २० एमबी. पूर्ण भरलेले तीन लॉग रोज एकदा ४० मशीनवरून उचलले तर दिवसाला २,४०० एमबी. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत. तितके दिवस धरले तर हे ४३२ जीबी होतात. दर तासाची निर्यात पूर्ण लॉगची केली तर आकडा आणखी कितीतरी पटींनी वाढेल. म्हणून पूर्ण लॉग न उचलता मागच्या तासाभराच्याच नोंदी घ्या आणि झिप करून ठेवा. १८० दिवसांच्या आतलं काही पुसणारी स्क्रिप्ट लॉग सर्व्हरवर असता कामा नये. एका ठिकाणी ३० दिवसांची मर्यादा कोणीतरी जागा वाचवण्यासाठी घातली होती, आणि चौकशी ४५व्या दिवशी आली.

खरी डिस्क साफ करताना

हे शेवटी, आणि मशीनवर कोणी काम करत नसताना. फिल्टर बंद, रिस्टार्ट, साफसफाई, फिल्टर चालू, रिस्टार्ट, आणि मग पुन्हा ‘गेट-कॉन्फिग’. या साखळीतलं एकही पाऊल वगळू नका. एखादीच फाइल कायमची पुसायची असेल तर फिल्टर न उघडताही ‘फाइल कमिट-डिलीट’ने ते होतं.

रात्रीच्या टास्कचं कोडं इथे सुटतं. फिल्टर चालू असताना स्क्रिप्ट फाइली पुसते, तिला त्या पुसलेल्या दिसतात, ती यश नोंदवते. सकाळच्या रिस्टार्टला पाटी जशीच्या तशी परत येते. स्क्रिप्ट खोटं बोलत नाही, ती फक्त काचेवर काम करते.

सुरुवात विंडोजच्या ‘डिस्क क्लीनअप’ने करा. त्यानंतर विंडोजमधला ‘टेम्प’ फोल्डर, वापरणाऱ्यांचे ‘टेम्प’, क्रॅशनंतर पडलेली मेमरी डंपची फाइल, एरर रिपोर्टिंगची रांग. अपडेटच्या डाउनलोडचा फोल्डर रिकामा करण्याआधी अपडेटची सेवा थांबवा.

‘लॉग्ज’मधल्या ‘सीबीएस’ फोल्डरबद्दल मुद्दाम लिहितो. पतसंस्थेत सीबीएस म्हणजे कोअर बँकिंग, त्यामुळे हा फोल्डर बघून लोक हात लावायला घाबरतात. तो बँकेचा नाही; विंडोजचे घटक बसवल्या-काढल्याची नोंद त्यात असते. जुन्या विंडोज ७ च्या थिन क्लायंटवर या लॉगची फाइल २ जीबीच्या पुढे गेली की ती कॅब स्वरूपात दाबणारा प्रोग्रॅम अपयशी ठरतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि प्रत्येक प्रयत्नाचा अर्धवट तुकडा ‘टेम्प’मध्ये टाकून देतो. ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइलींची रांग दिसली तर त्या पुसून थांबू नका, ती मूळ मोठी लॉग फाइलही काढा, नाहीतर रांग पुन्हा लागेल.

जुनी प्रोफाइल ‘यूझर्स’ फोल्डरमधून हाताने पुसू नका. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये वापरणाऱ्यांच्या प्रोफाइलची यादी आहे, तिथूनच काढा. हाताने पुसलं की रजिस्ट्रीत नोंद शिल्लक राहते आणि पुढच्या लॉगिनला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. वर लक्षणांत लिहिलं ते याचंच. ‘विनएसएक्सएस’ (विंडोजच्या घटकांचा साठा) आणि विंडोजमधला ‘इन्स्टॉलर’ हे दोन फोल्डर मोठे दिसतात, पण त्यांत हाताने काहीही पुसायचं नाही. पहिल्यासाठी डिझम या साधनातली घटक-सफाई वापरा. तिच्यात ‘रीसेटबेस’ जोडलं तर आधी बसलेले अपडेट नंतर काढता येत नाहीत, म्हणून मी ते टाळतो.

नवी इमेज सील करायची असेल तर सील करण्याआधी सगळे इव्हेंट लॉग रिकामे करा. नाहीतर इमेज बनवल्या दिवशीच्या जुन्या त्रुटी प्रत्येक रिस्टार्टला परत येतील आणि रोज नव्याने सर्व्हरवर जातील.

इथे थांबा

सिस्टिम लॉगमध्ये ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची किंवा ‘एनटीएफएस’ची ५५ क्रमांकाची नोंद वारंवार दिसत असेल, तर जागेचा प्रश्न मागे ठेवा. पहिली खराब ब्लॉक सांगते, दुसरी फाइल सिस्टिम बिघडल्याचं. मशीनमधली फ्लॅश चिप झिजत आली असेल. तिच्यावर साफसफाई आणि पुन्हा इमेज चढवणं म्हणजे आणखी लिहिणं. लॉग बाहेर काढा आणि वॉरंटी बघून उत्पादकाच्या सेवा केंद्राला बोलवा. चिप बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर ते काम आपल्या हातचं नाही.

बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागितली आणि ती नोंदवलेली नसेल, तर अंदाजाने काही दाबू नका. ज्यांच्याकडे डोमेनचा ताबा आहे त्यांना गाठा.

सिक्युरिटी लॉगमध्ये ११०२ क्रमांकाची नोंद दिसली, म्हणजे कोणीतरी लॉग पुसला आहे, आणि तो तुम्ही किंवा तुमच्या सहकाऱ्याने पुसलेला नसेल, किंवा अनोळखी खातं दिसलं, किंवा रात्री दोन वाजता ४६२५ क्रमांकाच्या अपयशी लॉगिनची रांग दिसली, तर साफसफाई तिथेच बंद. मशीन रिस्टार्टही करू नका, कारण रॅममधला ओव्हरले हाच पुरावा आहे. नेटवर्कची केबल काढा, वीज चालू ठेवा, पडद्याचा फोटो घ्या आणि संस्थेच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवा. ज्या सायबर घटना कळवणं बंधनकारक आहे, त्या लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवाव्या लागतात, आणि हे घड्याळ तुमच्या फोनची वाट बघत नाही.

सेवा केंद्राला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करताना हातात एवढं ठेवा: मशीनचं नाव आणि सिरीयल क्रमांक, फिल्टरच्या ‘गेट-कॉन्फिग’चा फोटो, दिवसातल्या तीन वेळांचे ओव्हरलेचे आकडे, रिस्टार्टच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा, आणि निर्यात केलेले लॉग कुठल्या शेअर फोल्डरमध्ये आहेत त्याचा पत्ता.